युरियाची गोणी आणि पानाचा रंग

गव्हाला पहिले पाणी द्यावयाचे दिवस आले, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी रीघ लागते. पेरणीला तीन आठवडे होत आलेले असतात आणि वरखताची वेळ टळू नये, अशी प्रत्येकाला घाई असते. किती गोण्या घ्यावयाच्या याचा निर्णय बहुधा तीन गोष्टींवर होतो : गेल्या वर्षी किती टाकल्या, शेजाऱ्याने किती टाकल्या आणि दुकानात किती मिळतात. ज्या पिकासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याला नत्राची खरोखर किती गरज आहे, हे मात्र पिकाला विचारले जात नाही. वास्तविक ते विचारण्याची सोय आहे. पीक आपली भूक पानाच्या रंगातून सांगत असते, आणि तो रंग मोजण्यासाठी प्लास्टिकची एक साधी पट्टी पुरते. ही पट्टी निघून पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही ती शेतकऱ्याच्या हाती क्वचितच दिसते. याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ते शासनाच्या हिशेबात शोधले, तर अधिक लवकर सापडेल.

वडगाव रासाई आणि त्याच्या आसपासच्या गावांकडे पाहिले असता या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. शिरूर तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. पण भीमेच्या पाण्यामुळे तेथे ऊस, कांदा, गहू, चाऱ्याचा मका अशी पिके उभी राहतात. पलीकडच्या काठावर दौंड तालुका आहे आणि तेथील चित्रही फारसे वेगळे नाही. या मातीत धान्य पिकविण्याची परंपरा किती जुनी आहे, हे शिरूर तालुक्यातीलच इनामगावने दाखवून दिले आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीबरोबर जव आणि गहू यांचे जळके दाणेही मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वी ज्या पट्ट्यात गहू होत होता, त्याच पट्ट्यात आज गोणीशिवाय गहू होणार नाही अशी समजूत रुजली आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही; आजच्या उत्पादनाला नत्र बाहेरून द्यावेच लागते. प्रश्न तो किती आणि केव्हा द्यावयाचा, एवढाच आहे.

कृषी विद्यापीठाची शिफारस या प्रश्नाचे एक उत्तर देते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यावयाचे असते. नत्राचा निम्मा हप्ता पेरणीबरोबर आणि उरलेला निम्मा तीन आठवड्यांनी. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे या दुसऱ्या हप्त्यासाठी हेक्टरी सुमारे १३० किलो, ४५ किलोच्या जवळजवळ तीन गोण्या युरिया लागतो. ही शिफारस अनुभवसिद्ध आहे आणि तिने शेतकऱ्याचे भलेच केले आहे. परंतु कोणतीही सर्वसाधारण शिफारस म्हणजे सरासरी असते, आणि कोणाही एका शेतकऱ्याची जमीन ही सरासरी जमीन नसते. उसाचा खोडवा मोडून केलेला गहू, कांद्यामागून केलेला गहू आणि सोयाबीनमागून केलेला गहू यांच्या मुळांखाली उरलेले नत्र सारखे कसे असेल ? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो आणि आडसाली उसाला ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्याहूनही अधिक देणारे शेतकरी आहेतच. त्यातले जे उसाने उचलले नाही, त्याचा काही भाग पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. शेणखत कोणी दिले, कोणी दिले नाही; कोणाची जमीन भारी, कोणाची मुरमाड. हे सारे फरक १२० या एका आकड्यात पुसले जातात.

भीमाकाठी तर आणखी एक गोष्ट आहे, जिचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी, काही शुद्ध होऊन तर काही तसेच, मुळा-मुठेत येते आणि मुळा-मुठा शिरूर-दौंडच्या सीमेवर भीमेला मिळते. सांडपाण्यात नत्र असतेच. समजा, एखाद्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र आहे आणि गव्हाला हंगामात एकूण ४० सेंटिमीटर पाणी दिले. एक हेक्टराला ते ४० लाख लिटर होते आणि त्याबरोबर ४० किलो नत्र शेतात उतरते. शिफारशीच्या एक तृतीयांश नत्र असे न विकत घेता आले, तर गोणीचा हिशेब बदलावयास नको काय ? नदीतील नत्राचे प्रमाण ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते, म्हणून ते ठोकळ आकड्याने वजा करता येत नाही. माती, शेणखत, मागचे पीक आणि पाणी या सर्वांकडून आलेल्या नत्राची बेरीज एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे पिकाच्या पानात.

पानाच्या हिरवेपणाचा नत्राशी संबंध कसा, हे समजण्यास अवघड नाही. पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे, आणि हरितद्रव्य तयार होण्यास नत्र लागते. नत्र कमी पडले की हिरवेपणा उतरतो. पुरेसे मिळाले की चढतो. मात्र हा चढ अमर्याद नसतो. एका पातळीनंतर नत्र वाढविले, तरी दाणा वाढत नाही. पाने लुसलुशीत होतात, मावा आणि रोग यांना ते आवडते, ताटे उंच व नाजूक होऊन वाऱ्या-पाण्यात पीक लोळते. ‘हिरवेगार’ हा शब्द मराठीत समृद्धीचा वाचक आहे, आणि गडद हिरवे शेत पाहून धन्याची छाती फुगते. पण गव्हाच्या बाबतीत गरजेपुरते हिरवे आणि गरजेपेक्षा गडद, यांतला भेद नुसत्या नजरेला चटकन कळत नाही. नजर फसते, उन्हात एक दिसते, सावलीत दुसरे. म्हणून नजरेला माप हवे.

हे माप प्रथम जपानमध्ये तयार झाले. तेथील मिनोल्टा कंपनीने काढलेले ‘स्पॅड’ नावाचे हातात मावणारे यंत्र पान चिमटीत धरून त्यातून प्रकाशाच्या दोन लहरी पाठविते आणि हरितद्रव्याचा अंदाज आकड्यात देते. प्रयोगशाळेला ते उत्तम. पण सामान्य शेतकऱ्याला त्याची किंमत परवडणारी नाही. जपानमध्येच भातासाठी रंगांच्या पट्ट्याही वापरात होत्या. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तेथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने १९९० च्या दशकात त्यांवरून एक सोपी पट्टी तयार केली. तिचे नाव ‘लीफ कलर चार्ट’, म्हणजेच पर्णरंग-पट्टी. पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चढत्या रंगांचे चार किंवा सहा चौकोन, त्यांवर पानासारख्या शिरा, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. तिच्यात यंत्र नाही आणि विजेचे काम नाही.

वापरण्याची रीतही तशीच साधी आहे. भाताच्या लावणीनंतर साधारण दोन आठवड्यांपासून पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत, दर सात ते दहा दिवसांनी, शेतातील निरोगी अशी दहा रोपे निवडावयाची. प्रत्येकाचे सर्वांत वरचे, पूर्ण उलगडलेले पान न तोडता पट्टीवर धरावयाचे आणि मधल्या भागाचा रंग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते पाहावयाचे. हे वाचन स्वतःच्या अंगाच्या सावलीत, दर वेळी एकाच माणसाने आणि दिवसाच्या एकाच सुमारास करावयाचे. दहांपैकी निम्म्याहून अधिक पाने ठरलेल्या क्रमांकापेक्षा फिकी निघाली, तरच युरियाचा हप्ता द्यावयाचा. नसता पुढच्या वाचनापर्यंत थांबावयाचे. अधिक उत्पादन देणाऱ्या लावणीच्या भाताला हा क्रमांक साधारणतः ४, बासमतीसारख्या सुवासिक वाणांना ३ असा धरला जातो. आशियातील अनेक देशांत झालेल्या चाचण्यांत या रीतीने उत्पादन न घटता नत्राची बचत झाल्याचे दिसून आले. भारतात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भाताबरोबरच मका आणि गहू यांसाठीही या पट्टीचा वापर बसविला.

पंजाबचे आकडे मात्र पुणे जिल्ह्यात जसेच्या तसे आणून चालणार नाही. महाराष्ट्राचा हिवाळा आखूड. येथील गहू लवकर पक्व होतो, त्यामुळे उशिरा दिलेले नत्र दाण्याच्या कामी येत नाही. शिवाय तीन आठवड्यांचे रोप इतके कोवळे असते, की त्याच्या पानावरून पुढच्या गरजेचा भरवशाचा अंदाज होत नाही. यातून मार्ग असा दिसतो, की दुसऱ्या हप्त्याचा काही भाग पहिल्या पाण्याला नेहमीप्रमाणे द्यावा आणि उरलेला ४० ते ४५ दिवसांच्या सुमारास, दुसऱ्या पाण्याला, पान पाहून द्यावा किंवा हातचा राखावा. हे विभाजन कसे करावे आणि पट्टीचा कोणता क्रमांक प्रमाण मानावा, हे ठरविणे संशोधकांचे काम आहे. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे वाण निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिले. प्रत्येक वाणाच्या पानाचा जात्याच असलेला रंग थोडा निराळा असतो. वाण प्रसारित करतानाच त्याचा पर्णरंग-क्रमांक त्याच्या शिफारशीत छापला, तर शेतकऱ्याचे निम्मे काम सोपे होईल.

पुणे जिल्ह्याचे दुसरे टोक या बाबतीत अधिक सुदैवी आहे. मावळ, मुळशी, भोर हा भाताचा मुलूख. १९८७ साली प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ भाताचे श्रेय ज्याला जाते, ते संशोधन केंद्र वडगाव मावळ येथे आहे. पट्टीची मूळ योजनाच भातासाठी झालेली असल्यामुळे तेथे ती रुजविणे सोपे. नत्राची नासाडी थांबविण्याचा एक स्वतंत्र विचारही महाराष्ट्रात भातानेच दिला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्यभागी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचली जाते, आणि त्यामुळे नत्र वाहून किंवा उडून न जाता मुळाशी राहते. नत्र वाचविण्याची बुद्धी या राज्यात कमी आहे असे कोणी म्हणू नये. उणीव असेल ती शोध लागल्यानंतरच्या पाठपुराव्याची.

या पट्टीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तिच्यावरचा विश्वास पहिल्याच हंगामात उडेल. पान पिवळे पडण्याचे कारण दर वेळी नत्राचा तुटवडा हेच नसते. भीमा आणि घोड यांच्या खोऱ्यांतील चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी होतात, त्याला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. गंधक कमी पडले तरी नवी पाने फिकी होतात. पाणी साचून मुळे गुदमरली तरी पीक पिवळे दिसते. अशा वेळी युरिया टाकणे म्हणजे दुखणे पायाला आणि लेप डोक्याला. ओळखण्याची खूण सोपी आहे. नत्राची उणीव आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते, कारण रोप तेथील नत्र काढून नव्या पानांना पुरविते. लोह आणि गंधक यांची उणीव आधी शेंड्याकडच्या पानांवर दिसते. कोरडवाहू ज्वारीत तर ओलावा नसेल तर पानाचा रंग पाहूनही फारसा उपयोग नाही. तेव्हा पट्टी हाती देणाऱ्याने या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, आणि त्यासाठी सांगणारा माणूस बांधावर यावयास हवा.

एवढे सारे उपलब्ध असताना शेतकरी पट्टीकडे का वळत नाही ? उत्तर साध्या अंकगणितात आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये पडतात. २०१० साली इतर खतांसाठी पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, पण युरिया तिच्याबाहेर ठेवला गेला, आणि त्याची किंमत वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिली. हेक्टरी तीन गोण्यांच्या वरखतास शेतकऱ्याचे सुमारे ८०० रुपये लागतात. पान पाहून त्यातला पाव हिस्सा वाचला, तर बचत २०० रुपयांची. एवढ्यात एका मजुराचा दिवसही निघत नाही. उलट पट्टीचे वाचन चुकले आणि दोन पोती गहू कमी झाला, तर तोटा हजारोंचा. अशा स्थितीत जो शेतकरी एक गोणी जास्तच टाकतो, त्याला अडाणी म्हणणे हा अन्याय होय. त्याला दाखविलेल्या किमतींच्या आधारे तो अगदी शहाणपणाचा निर्णय घेत असतो. ती जादा गोणी म्हणजे त्याने स्वस्तात उतरविलेला विमाच आहे.

परंतु त्या विम्याचा खरा हप्ता दुसरे कोणी भरीत असते. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि वायूचा मोठा भाग आयात करावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर वायू आणि खते यांच्या किमती कडाडल्या, तेव्हा २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया वापरला जातो. त्यातले बरेचसे नत्र पिकाच्या अंगी लागतच नाही. चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीवर पसरलेल्या युरियाचा काही अंश अमोनिया होऊन उडून जातो. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत आणि नदीत उतरतो. काहीचा नायट्रस ऑक्साइड होतो, आणि हा वायू पृथ्वीची उष्णता वाढविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला गोणीवरच्या किमतीत ही रक्कम दिसत नाही.

शासनाने काही केले नाही असे नाही. २०१५ मध्ये युरियाला निंबोळीचे आवरण सक्तीचे झाले. त्याच वर्षी मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ किलोंची झाली. गोण्या मोजून टाकण्याची सवय ओळखून गोणीच लहान करण्याची ही युक्ती गमतीची खरी, पण तिच्यामागे शेतकऱ्याला विचारात घेण्यापेक्षा चकविण्याची वृत्ती आहे. मृद पत्रिका उपयुक्त आहे; तथापि ती पेरणीपूर्वीची स्थिती सांगते. स्फुरद आणि पालाश मातीत टिकून राहतात, त्यांना ती पुरेशी आहे. नत्र पावसागणिक आणि पाण्यागणिक बदलते. त्यासाठी उभ्या पिकाकडेच पाहिले पाहिजे.

येथेच २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेचा विचार होणे अगत्याचे आहे. रासायनिक खतांचा वापर कमी करणाऱ्या राज्याला, वाचलेल्या अनुदानाच्या ५० टक्के रक्कम अनुदानरूपाने द्यावी, असे हिचे तत्त्व आहे. तत्त्व योग्य आहे, कारण बचतीचा लाभ तिजोरीला होत असेल तर तो वाटून घेतला पाहिजे हे त्यात मान्य केले आहे. पण राज्याच्या तिजोरीत पोचलेली रक्कम वडगाव रासाईच्या बांधावर पोचल्याशिवाय तेथल्या शेतकऱ्याने कमी युरिया का वापरावा ? महाराष्ट्राने या तत्त्वाचा गावपातळीपर्यंत विस्तार करावा. ज्या गावात पान पाहून वरखत देण्याची रीत बसेल, त्या गावाला बचतीचा वाटा मिळावा. पट्टी वाचण्याचे शिक्षण घेतलेल्या गावातील तरुणांना आणि बचत गटांतील स्त्रियांना हंगामात मेहनताना मिळावा. आणि सल्ल्याप्रमाणे खत कमी करून ज्याचे उत्पादन घटले, त्याला पहिली दोन-तीन वर्षे भरपाईची हमी असावी. विमा हवा म्हणून शेतकरी जादा गोणी टाकतो. त्याला खरा विमा दिला, तर त्या गोणीची गरज उरणार नाही.

यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साह्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालविले आहेत आणि उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा पाहण्याचे तंत्र जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आले आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण दोन एकर गव्हाच्या धन्याला उपग्रहापूर्वी पट्टी मिळू शकते. पट्टीही नसेल, तर अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाने प्रचारात आणलेली एक युक्ती आहे : शेतातील एका अरुंद पट्ट्याला भरपूर नत्र द्यावे, आणि पुढे उरलेल्या शेताचा रंग त्या पट्ट्याशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक दिसत नसेल, तर पिकाला मिळायचे ते मिळाले आहे, जादा युरिया व्यर्थ. फरक दिसत असेल, तर द्यावे. हे माप त्याच जमिनीचे, त्याच वाणाचे आणि त्याच पाण्याचे असते. प्रत्येक गावात असा एक पट्टा रस्त्याकडेच्या शेतात ठेवला, तर शेतकऱ्यांना भाषणांची जरूर पडणार नाही.

एक आक्षेप राहतो. खत कमी करा असे सांगणे म्हणजे उत्पादन कमी करा असे सांगणे नव्हे काय ? १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे बियाणे आले आणि नत्र पचवूनही न लोळणाऱ्या त्या वाणांनी देशाला अन्नटंचाईतून बाहेर काढले, हे विसरता येणार नाही. पण पर्णरंग-पट्टी काही नत्राविरुद्धची मोहीम नाही. ज्या शेताला खरोखर कमी पडत आहे, त्याला ती अधिक द्या असेही सांगते. मुरमाड जमिनीवरच्या अल्पभूधारकाला कदाचित तिच्यामुळे एक गोणी जास्त लागेल आणि त्याचे पीकही वाढेल. उसाच्या मागून गहू घेणाऱ्याला दोन कमी लागतील. ज्याला हवे त्याला मिळावे आणि ज्याला नको त्याच्याकडून नदीला जाऊ नये, इतकाच तिचा न्याय आहे.

साठ वर्षांपूर्वी शेतकऱ्याला युरिया वापरावयास शिकविण्यासाठी शासनाने गावोगाव माणसे पाठविली, प्रात्यक्षिके केली, उधारीची सोय केली, आणि शेतकरी शिकला. आता किती वापरावयाचा आणि केव्हा थांबावयाचे, हे शिकविण्याची पाळी आहे. पहिला धडा देताना जेवढा पैसा आणि जेवढी आस्था खर्च केली, त्याच्या काही अंशाने तरी दुसऱ्या धड्यासाठी करावयास हवी. येत्या रब्बीत भीमेच्या दोन्ही काठांवरील काही गावांपासून त्याची सुरुवात करता येईल. नुसती पट्टी वाटून मात्र भागणार नाही. बांधावर येणारा माणूस, वाणागणिक छापलेला क्रमांक आणि बचतीतला रोख वाटा या तीन गोष्टी तिच्याबरोबर आल्या नाहीत, तर तीही सरकारी कपाटात पडून राहील आणि युरियाची रीघ पूर्वीसारखीच लागेल.